आंतोन कुठे आहे ते बघा

ब्रेंडाने लेकीला माबेला भागातल्या नर्सरीत सोडलं, गाडीत येऊन बसली आणि वळून मागची सीट पाहिली. रिकामी होती. किल्ली फिरवण्याआधी तिने पुन्हा एकदा वळून पाहिलं. तिचा नवरा केल्विन या सवयीला हसायचा. हसेना का. मे महिन्यातल्या मस्कतमध्ये बंद गाडी म्हणजे भट्टी, आणि माणसाच्या आठवणीवर ब्रेंडाचा फारसा भरवसा नव्हता.

फोन वाजला. ऑफिसचा मॅनेजर निशांत. रविवारी, आठवड्याच्या पहिल्याच सकाळी, तो कधी फोन करत नसे. त्याचे सगळे निरोप मेसेजवर.

"मार्गारेटचा पीटर गेला," तो म्हणाला. "दुक्मला. काल सकाळी सापडला, पंपहाउसच्या मागे. उन्हाने."

ब्रेंडाच्या तोंडातून निघालं ते भलतंच. "हातात आपला पट्टा नव्हता?"

"होता. तेच सांगतोय. डॉक्टर म्हणतात गुरुवारी दुपारीच गेला. आणि आपल्या नोंदीत तो शुक्रवारी रात्रीपर्यंत चालतोय, तासातासाला बटण दाबतोय. मी ठीक आहे, मी ठीक आहे."

"आणि हाक?"

"हाक आली ती शनिवारी सकाळी. तो सापडल्यावर."

मस्कतच्या घाला भागातल्या त्या छोट्या ऑफिसात बनत होतं ते या पट्ट्याचं सॉफ्टवेअर. दुक्मला, कुंपणापलीकडे नुसती वाळू असलेल्या साइटवर, जी माणसं एकटीने काम करतात त्यांच्या मनगटावर हा पट्टा. कामाच्या वेळात तासाला एकदा बटण दाबायचं. बटण दाबलं नाही आणि पट्टाही हलला नाही, तर पहाऱ्याच्या खोलीत भोंगा वाजतो आणि माणसं धावतात; ऑफिसात त्याला हाक म्हणत. पीटर तिथे पंप मेकॅनिक होता. त्याची बायको मार्गारेट ब्रेंडाच्या शेजारच्या टेबलावर बसायची.

मेलेल्या माणसाने दीड दिवस बटण दाबलं कसं?

चूक कोणाची, या प्रश्नाचं उत्तर मात्र निशांतकडे आधीच तयार होतं. दुक्मची कंपनी म्हणतेय की सॉफ्टवेअरने खोट्या नोंदी केल्या. मंगळवारी त्यांची माणसं येणार, पोलिसांत जबाब होणार. निशांतने रात्री सॉफ्टवेअरच्या तपासण्यांचं सगळं पाहिलं होतं. एक तपासणी कोणीतरी बंद करून ठेवली होती, आणि बंद करणाऱ्याचं नाव होतं मुनीर, त्यांच्याच ऑफिसातला.

"मला कोणाचं तरी नाव द्यावं लागेल, ब्रेंडा. तू एकदा बघून घे. पण मंगळवारच्या आत."

ती ऑफिसला गेली नाही. गाडी मार्गारेटच्या भागाकडे, वादी कबीरकडे वळवली.

मार्गारेटचा फ्लॅट माणसांनी भरला होता. वसईची, मुंबईची, चर्चमधली. दारात चपलांचा ढीग. कोणी चहा करत होतं, कोणी विमानाच्या कागदांसाठी फोनवर होतं. मार्गारेट पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. ती रडत नव्हती. ब्रेंडाने हात धरला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "शुक्रवारी येणार होता, बाय."

ब्रेंडा तिला मार्गारेटबाय म्हणायची आणि मार्गारेट तिला नुसतं बाय. मस्कतला ब्रेंडा नवी नवी आली तेव्हा मुलीच्या तापात रात्ररात्र फोनवर धीर देणारी हीच.

बैठकीत खाली सतरंजीवर क्लिफर्ड बसला होता. पीटरच्या खोलीतला, त्याच्याच पंपांवर काम करणारा, त्याच्याच गावचा. पीटर सापडला तो त्यालाच. पीटरला घेऊन तोच मस्कतला आला होता. कोणी काही विचारलं की तो मान खाली घालून "वयनीला विचारा" म्हणे. मांडी घालून बसला होता आणि मोजा खाली सरकवून घोटा खाजवत होता. घोट्याच्या वर लालभडक घामोळं उठलं होतं, सरळ रेषेत, बांगडीसारखं गोल. ब्रेंडाच्या लेकीच्या पायाला मोज्याच्या रबराने असंच होई. पण ती रेघ बारीक असायची. ही चांगली दोन बोटं रुंद होती.

आतल्या खोलीत व्हेनेसा एकटीच बाहुलीचे केस विंचरत होती. मार्गारेटची मुलगी. गुरुवारी सात वर्षांची झाली होती. ब्रेंडा तिच्याजवळ जाऊन बसली. केक कसला होता ते विचारलं.

"चॉकलेट. बट पप्पा नव्हते," व्हेनेसा म्हणाली. "पप्पा बोललेले, सनसेटच्या आधी येणार. मग बीचवर केक. मग सन गेला. मग मम्मीने घरीच कट केला."

"गुरुवारी?"

"बर्थडे गुरुवारी होता ना, आंटी."

ब्रेंडाने तिच्या हातातली फणी घेतली आणि बाहुलीचा गुंता सोडवत बसली. बराच वेळ.

सोमवारी सकाळी ऑफिसात पोचल्यावर तिने पहिलं काम केलं ते कपाटातून नमुन्याचा पट्टा काढून स्वतःच्या हातात बांधायचं. चालली, जिना चढली, उतरली, बटण दाबलं. पडद्यावर सगळं बरोबर उमटलं. मग तासाची मुदत तपासणीपुरती पाच मिनिटांवर आणली, पट्टा काढून टेबलावर ठेवला आणि वाट पाहिली. बटणाची वेळ टळली तसा भोंगा वाजला. पाच वेळा करून पाहिलं, पाचही वेळा वाजला. सॉफ्टवेअर खोटं बोलत नव्हतं. पट्टा हललाच नसता तर त्याने हाक दिलीच असती.

मग ती तपासण्यांकडे वळली.

ऑफिसात कामाची एक रीत होती. सॉफ्टवेअरने काय करायला हवं ते आधी साध्या वाक्यांत लिहायचं, कोणालाही वाचता येईल असं. अशी परिस्थिती आहे; असं घडलं; तर असं व्हावं. रोज सकाळी कॉम्प्युटर ती वाक्यं आपोआप वाचे, एकेका वाक्याप्रमाणे सॉफ्टवेअरला वागायला लावी, आणि जमलं तर हिरवं, नाही जमलं तर लाल दाखवी. ऑफिस त्याला सिनॅरिओ म्हणे. मार्गारेट म्हणायची प्रसंग. तिला प्रोग्रॅमिंग येत नव्हतं, पण प्रसंग तिच्यासारखे कोणी लिहीत नसे. ती ते साध्या फाइलमध्ये लिहून मुनीरला द्यायची. तो सगळ्यांचंच लिखाण मुख्य साठ्यात चढवायचा. त्यामुळे साठ्यात जिथे तिथे नाव मुनीरचंच.

पण कोणी लिहिलंय ते नाव न बघता कळे. निशांतच्या प्रसंगात 'युजर वन' असायचा. मुनीर 'कामगार क' लिहायचा. मार्गारेटच्या प्रसंगात आंतोन, इनास, पास्कू असायचे, वसईच्या गावांतली म्हाताऱ्यांची नावं. आणि प्रत्येक प्रसंगाच्या डोक्यावर ती एक ओळ लिहायची, हा प्रसंग कशासाठी. काही बदललं, काही बाजूला ठेवलं, तरी कारणाची ओळ हवीच. नव्या मुलांना ती तेवढं एकच शिकवायची. लिखाण इंग्रजीत, पण वाचताना ब्रेंडाला वसईची मराठीच ऐकू यायची.

पीटरचं नाव मात्र तिने कधी घातलं नाही. ब्रेंडाने एकदा विचारलं होतं. "प्रसंगात माणसांवर वाईटच यायचं असतं, बाय," मार्गारेट म्हणाली होती. "आपल्या माणसाचं नाव कशाला घ्या?" ब्रेंडाला ते पटलं होतं. तिनेही लेकीचं नाव कुठे घातलं नव्हतं.

बाकी सगळे प्रसंग हिरवे होते. एकच पिवळा. तपासणी करू नका, अशी खूण लावून बाजूला ठेवलेला. निशांतने नुसती खूण पाहिली होती. ब्रेंडाने प्रसंग उघडून वाचला.

*कारण: पट्टा ठीक असला म्हणजे माणूस ठीक असतोच असं नाही.*

*आंतोन घरी निघाला आहे. त्याचा पट्टा इनासने आपल्या पायात, मोज्याच्या आत बांधला आहे.*

*दोन्ही पट्टे सोबत चालतात, सोबत थांबतात.*

*तर पहाऱ्यावरच्या माणसाला निरोप जावा: आंतोन कुठे आहे ते बघा.*

तिने तो दोनदा वाचला. मग पीटरच्या गुरुवारच्या नोंदी काढल्या, आणि त्यांच्या शेजारी क्लिफर्डच्या ठेवल्या. गुरुवारी दुपारपर्यंत दोघं वेगवेगळे चालत होते. मग पीटर जणू क्लिफर्डची सावली झाला. हा थांबला की तो थांबे. हा उठला की तो उठे. हा जेवायला बसला की तोही.

प्रसंगाच्या वर, पिवळ्या खुणेशी, एक ओळ होती. *तूर्त बाजूला. महिनाअखेर परत सुरू.* पुढे काही नाही.

ब्रेंडा निशांतच्या केबिनमध्ये गेली. नवीन आवृत्ती दुक्मला पाठवायची घाई त्यालाच होती. एक प्रसंग लाल असता तर पाठवता आली नसती. तिने त्याला सरळच विचारलं.

"मी फाइली उघडतसुद्धा नाही," निशांत म्हणाला. त्याला राग आला नाही, तो फक्त थकलेला दिसला. "सकाळी पडदा बघतो. लाल नाही ना, बस. पिवळ्याकडे कोण बघतं?"

तिला ते खरं वाटलं. आणि त्यातलं शेवटचं वाक्य तिला दिवसभर सोडेना.

मुनीर पँट्रीत होता. रत्नागिरीकडचा, तिशीही न गाठलेला, डब्यातलं अर्धं नेहमी दुसऱ्याला देणारा. आज डबा उघडलाही नव्हता. सकाळीच त्याच्या बायकोचा, खैरुन्निसाचा, ब्रेंडाला फोन आला होता. आठवा महिना लागलेला. ती म्हणत होती, पोलिसांत नाव गेलं तर ह्यांना देश सोडता येणार नाही नाहीतर देशात राहता येणार नाही, दोन्हीपैकी काय होतं तेसुद्धा कोणी सांगत नाही. आणि हे विचारलं की नुसतं अल्ला बघतोय म्हणतात.

"ती खूण तू लावलीस?" ब्रेंडाने विचारलं.

"माझं नाव आहे ना ताई."

"नाव सगळ्यांच्याच कामावर तुझं असतं. फाइल दिली कोणी?"

"आठवत नाही."

"मुनीर, मागच्या ईदला कोणी किती शेवया खाल्ल्या ते तुला आठवतं."

तो हसला नाही.

"निशांतने सांगितलं?"

"साहेबांना कशाला मध्ये घेता."

"मग दुक्मच्या कोणी?"

तो डब्याच्या झाकणावरून बोट फिरवत राहिला. "ताई, जाणारा गेला. जो आधीच रडतोय त्याला आणखी कशाला रडवायचं? माझं काय, मी परत जाईन गावाला. आंब्याचं बघेन."

ब्रेंडाला आता पुढे विचारायचं काही उरलं नव्हतं. तिने मुनीरच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती बाहेर आली. गाडीत बसल्यावर मागची सीट बघायचीही तिला शुद्ध राहिली नाही.

वादी कबीरच्या फ्लॅटमध्ये दुपारी गर्दी ओसरली होती. संध्याकाळच्या रोजरीच्या प्रार्थनेला माणसं पुन्हा येणार होती. व्हेनेसाला शेजारणीने नेलं होतं. ब्रेंडाने क्लिफर्डला स्वयंपाकघरात बोलावलं. मार्गारेट ओट्याशी उभी होती, न लागणारे कप पुन्हा पुन्हा विसळत.

"बस, क्लिफर्ड," ब्रेंडा म्हणाली. "मोजा जरा खाली कर."

तो बसला, पण त्याने हात हलवला नाही.

"राहू दे. मी काल पाहिलंय. घामोळं मोज्याच्या रबराचं नाही. तिथे काहीतरी दीड दिवस घट्ट बांधलेलं होतं, दोन बोटं रुंद. आपला पट्टा दोन बोटं रुंद आहे."

क्लिफर्डने मार्गारेटकडे पाहिलं. तिने पाठ वळवली नाही, पण नळ बंद केला.

"पट्टा खोटं बोलला नाही," ब्रेंडा सांगत गेली. तिचा आवाज तिलाच परका वाटत होता. "गुरुवार दुपारपासून तो चालत होता तो तुझ्या पायावर. बटण दाबत होतास तू, दोन्ही पट्ट्यांचं. शनिवारी सकाळी पीटर सापडल्यावर तो तू त्याच्या हातात बांधलास, कोणाला कळू नये म्हणून. त्याचा हात हलणार नव्हता. म्हणून भोंगा वाजला तो सापडल्यावर. दीड दिवसात तो पट्टा पहिल्यांदा स्थिर झाला होता."

"सगळेच करतात," क्लिफर्ड म्हणाला. "घरी जायचं असलं की दुपारीच निघायचं, पिकअप मिळाली की. पट्टा दुसऱ्याकडे. माझा पट्टा पीटरने किती वेळा..."

पुढचं त्याने सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी. पीटरने पट्टा काढून दिला, मुलीसाठी घेतलेली खेळण्यांची पिशवी उचलली आणि निघाला. निघताना म्हणाला, मागच्या पंपाचा व्हॉल्व्ह थोडा गळतोय, तेवढा आवळून जातो, तुला त्रास नको. फाटकाशी पिकअपवाला थांबला, मग याचा बेत बदलला समजून निघून गेला. जूनमध्ये दुपारच्या कामाला बंदी येते. पण अजून मे संपायचा होता. क्लिफर्डला वाटलं पीटर मस्कतला पोचला. शुक्रवारीही त्याने दोन्ही पट्टे सांभाळले, पीटरने पोरीसोबत चांगला दिवस काढावा म्हणून.

"रात्री उशिरा वयनीचा मेसेज आलेला, तो निघालाच नाही का," क्लिफर्ड म्हणाला. "मी उजाडताना वाचला आणि पहिलं त्या व्हॉल्व्हकडे पळालो. पिशवी बाजूलाच होती."

मार्गारेटने ओट्याला हात टेकले.

ब्रेंडाला इथेच थांबायचं होतं. एवढ्याने पट्ट्याचं कोडं सुटत होतं. पण डब्याच्या झाकणावर फिरणारं मुनीरचं बोट तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"मार्गारेटबाय," ती म्हणाली, "दोन पट्टे एका माणसाने बांधले तर सॉफ्टवेअरने ओळखावं, असा प्रसंग आपल्याकडे आहे. आंतोन आणि इनासचा. नावं तुझी आहेत. आणि पट्टा मोज्याच्या आत बांधतात हे ऑफिसात कोणाला कसं ठाऊक असणार? निशांत दुक्मला गेला नाही, मुनीर गेला नाही, मी गेले नाही. ते ज्याच्या घरचा माणूस तिथे आहे, जो घरी आल्यावर हसत हसत सांगतो, त्यालाच ठाऊक."

"हो. मीच लिहिला."

"सॉफ्टवेअरला ते येत नव्हतं म्हणून तो लाल होता. लाल असता तर नवी आवृत्ती गेली नसती, आधी ते शिकवावं लागलं असतं. मग कोणीतरी तो बाजूला ठेवला. मला वाटलं निशांतने. पण तो फाइल उघडत नाही. मुनीर नाव सांगत नाही, आणि तो निशांतसाठी गप्प बसला नसता. तो फक्त आधीच रडणाऱ्या माणसासाठी गप्प बसेल."

मार्गारेटने विसळलेला एक कप पालथा घातला.

"काल तू म्हणालीस, पीटर शुक्रवारी येणार होता. व्हेनेसा म्हणाली, गुरुवारी, सूर्य बुडायच्या आत. दुक्महून अर्धा दिवस लागतो, मार्गारेटबाय. सूर्य बुडायच्या आत पोचायचं तर त्याला दुपारीच निघायला हवं. पट्टा दुसऱ्याकडे देऊन. ते तुला माहीत होतं. आणि त्या पिवळ्या खुणेशी तारखेचा वायदा आहे पण कारण नाही. तू लिहिलेल्या प्रत्येक ओळीला कारण असतं. तेवढ्या एकाच ओळीला नाही."

मार्गारेट हळूच खाली बसली, फरशीवर, ओट्याला पाठ लावून.

"कारण काय लिहू, बाय?" ती म्हणाली. "पोरीच्या वाढदिवसाला तिचा बाप हवा होता, असं लिहू?"

क्लिफर्डने तोंड झाकून घेतलं.

तिने सगळं सांगितलं, अगदी सावकाश, जसा प्रसंग वाचून दाखवावा तसं. मागचे दोन वाढदिवस पीटर नव्हता. प्रसंग तिने लिहिला तेव्हा त्याचाच विचार मनात होता, कोणीतरी असाच कुठे पडला तर. मग पोरगी कॅलेंडरवर फुल्या मारायला लागली. नवी आवृत्ती मे महिन्यात जाणार होती. प्रसंग चालू राहिला तर गुरुवारी पीटर फाटकाबाहेर पडताच पहाऱ्यावर कळणार. महिनाभराचाच प्रश्न, असं तिने स्वतःला सांगितलं. मुनीरला फाइल दिली. त्याने विचारलंही, कारण लिहायचं राहिलं का. ती म्हणाली, नंतर लिहिते.

"गुरुवारी अंधार पडला तेव्हा मी क्लिफर्डला फोन करायला हवा होता. पण वाटलं, त्याला सुटता आलं नसेल, फोन केला आणि कोणी ऐकलं तर दोघंही पकडले जातील. मी पट्ट्याची नोंद उघडून पाहिली. तो चालत होता. मी म्हटलं, चला, ठीक आहे." तिने ब्रेंडाकडे पाहिलं. "मीच लिहिलं होतं ना गं, तसं नसतं म्हणून."

ब्रेंडा तिच्याशेजारी फरशीवर बसली.

"शनिवारी फोन आला, तेव्हा मला पहिला पीटर दिसला नाही," मार्गारेट म्हणाली. "ती ओळ दिसली. तूर्त बाजूला."

बाहेर शाळेच्या बसने हॉर्न दिला. मग मार्गारेटनेच विचारलं, "मुनीर काय म्हणाला?"

"काही नाही. गावाला जाऊन आंब्याचं बघेन म्हणाला."

"त्याच्या बायकोला कितवा?"

"आठवा."

मार्गारेट उठली. तोंड धुतलं, केस बांधले, पदराने चेहरा पुसावा तसा काळ्या ओढणीने पुसला. "वेड्याने मला सांगायचं तरी," ती म्हणाली. "मला ऑफिसला घेऊन चल. क्लिफर्ड, तूही ऊठ. रोजरीच्या आत परत येऊ."

ऑफिसात तिने निशांतसमोर उभ्यानेच सगळं सांगितलं. निशांतने तिला बसायलाही सांगितलं नाही, त्याला सुचलंच नाही. ती बोलून थांबली तेव्हा त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, पिवळं मलाही दिसत होतं. मंगळवारी दुक्मची माणसं आली तेव्हा जबाब मार्गारेटने आणि क्लिफर्डने दिला. मुनीरचं नाव कुठेच आलं नाही. मुनीर तिच्याकडे बघत नव्हता. जाता जाता मार्गारेटने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, लहान मुलाच्या ठेवतात तसा, आणि तेव्हा तो रडला.

पण त्याआधी, सोमवारीच, तिने ब्रेंडाच्या खुर्चीत बसून ती फाइल उघडायला लावली होती. पिवळी खूण स्वतः काढली. मग कर्सर आंतोनच्या नावापाशी नेला आणि तिथे तिचे हात थांबले.

"मी करू?" ब्रेंडाने विचारलं.

"नको."

तिने आंतोन पुसलं आणि पीटर लिहिलं. दोन्ही ठिकाणी. तपासणी चालवली. लाल. ते लाल ती बघत राहिली, ब्रेंडाने हळूच पडदा बंद करेपर्यंत.

त्याच आठवड्यात ती व्हेनेसाला आणि पीटरला घेऊन वसईला गेली. परत येणार की नाही ते कोणी विचारलं नाही. क्लिफर्डचं दुक्मचं काम गेलं; जाण्याआधी तो साइटवरच्या एकेकाला भेटून पट्ट्याचं सांगून आला, असं म्हणतात. खैरुन्निसाला मुलगी झाली. सॉफ्टवेअरला ते शिकवायला मुनीरला आणि ब्रेंडाला जून संपेपर्यंत वेळ लागला. मग एका सकाळी तो प्रसंग हिरवा झाला, आणि ऑफिसात कोणी टाळी वाजवली नाही.

अजूनही रोज ब्रेंडा मागची सीट दोनदा बघून गाडीतून उतरते, टेबलाशी येते, आणि सगळ्या हिरव्या ओळींतून आधी ती एक शोधते. रोज सकाळी पीटर घरी निघतो. रोज त्याचा पट्टा दुसऱ्याच्या पायात असतो. आणि रोज, न चुकता, पहाऱ्यावर निरोप जातो: पीटर कुठे आहे ते बघा.